अडीच वर्षांचं लेकरू आणि घरभर धोके : किती जपायचं, किती मोकळं सोडायचं?

परभणीची_आई :

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतलं एक लेकरू न्हाणीतल्या टबात पालथं पडलं. त्याची आई दारात भाजी घेत होती, एवढाच काय तो वेळ. शेजारणीचं लक्ष गेलं म्हणून वाचलं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. दोन ड्रम, एक हौद, घागरी, बादल्या, सगळं कायम भरलेलं.

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. स्वयंपाकघराच्या दाराला आडवी फळी ठोकली, जिन्याला जाळी लावली, कपाटांच्या कड्या सुतळीनं बांधल्या, प्लगवर चिकटपट्ट्या लावल्या. विळी आणि खलबत्ता माळ्यावर गेले. अंगणात त्याला एकट्याला सोडत नाही. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू हाय का पाखरू? पिंजऱ्यात घातलंस माय त्याला."

तेही मी ऐकून घेतलं. पण काल तो कपाटाजवळ गेला, हात पुढे केला, आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्याच हातावर चापट मारून म्हणाला, "नको, हात नको." मी मारत नाही त्याला. पण दिवसातून किती वेळा हात धरून मागे ओढते, ते मला त्या क्षणी कळलं. पोटात कालवलं.

मला खरंच विचारायचं आहे, कुठं थांबायचं? तुम्ही काय बंद केलंत आणि काय उघडं ठेवलंत?

मोसंबी_जालना :

ताई, आधी ड्रम. बाकीचं नंतर बोलू. झाकण नुसतं ठेवून भागत नाही, लेकरू ते सरकवतं किंवा त्यावर चढतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून झाकणावरून ताणून दोन्ही कानांना अडकवा. मोठ्या माणसाला एका हातानं निघतो, लेकराला निघत नाही. आणि टब, बादल्या वापरून झाल्या की रिकाम्या करून पालथ्या घालायच्या. पाणी वाया जातं असं वाटलं तर परत ड्रममध्ये ओता.

तात्या_कळंब :

मला हे सगळं जरा जास्त वाटतं. आम्ही सात भावंडं. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, वाड्यात आड, त्याला कठडा नाही. माय रानात, आम्ही घरात. पडलो, भाजलो, विंचू चावला, तरी वाढलोच की. आताची लेकरं दोन पायऱ्या उतरायची म्हटली तरी हात मागतात. सासूबाईंचं ऐका पोरी.

दुधनाकाठ :

आमच्या मुलीचा पहिला शब्द "आई" नव्हता, "गलम" होता. गरम गरम म्हणून आम्ही इतकं ओरडायचो की ती फ्रिजलाही "गलम" म्हणायची. :)

मांजराकाठ :

तात्या, तुमच्याच वयाची आहे मी, म्हणून लिहिते. राग मानू नका.

माझ्या मायला नऊ लेकरं झाली. जगलो आम्ही पाच. दोघं तापानं गेली, एक बाळंतपणातच, आणि एक भाऊ गोठ्यातल्या हौदात. तो चार वर्षांचा होता, मी सहाची. बैलांना पाजायचा हौद, माझ्या कमरेएवढा. आम्ही लपंडाव खेळत होतो. तो लपला असेल असं समजून मी मोठ्यानं हाका मारत राहिले. काही आवाज आला नाही. लोक म्हणतात बुडणारा ओरडतो. ओरडत नाही.

माय त्यानंतर तीस वर्षं जगली. त्या हौदात एक थेंब पाणी राहू दिलं नाही तिनं. बैलांना शेवटपर्यंत बादलीनं पाजलं.

आम्ही वाढलो असं म्हणायला आपण उरलो, तात्या. तो उरला नाही, म्हणून त्याचं म्हणणं कुणी ऐकलं नाही.

तात्या_कळंब :

ताई, वाचलं. माझ्याही घरात एक असंच आहे, ते मी लिहिलं नव्हतं. थोडं थांबून लिहितो.

बालवैद्य_बीड :

मांजराकाठ ताईंनी जे लिहिलं ते मुद्दाम पुन्हा सांगतो : लहान मूल आवाज न करता बुडतं. डोकं जड असतं, वाकून तोल गेला की स्वतःला वर ओढता येत नाही. पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं, म्हणजे बादलीच्या तळाशी उरलेलं. असं मूल सापडलं तर उलटं धरून झटकू नका, पोट दाबू नका, त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर लगेच तोंडानं श्वास द्यायला सुरुवात करा, छातीवर दाब द्या, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

आमच्याकडे पालक फार चिंता करतात ती पडण्याची. खोक पडते, टाके घालतो, आठ दिवसांत मूल पळत असतं. मी ज्यांना घाबरतो त्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या थोड्याच आहेत. पाणी. वीज. उकळतं. विष. आणि गिळायच्या वस्तू, त्यातही रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल. तो अन्ननळीत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो, आणि मूल तेव्हा फक्त लाळ गाळत असतं किंवा जेवत नाही. शंका आली तरी थेट एक्स-रे आणि दुर्बीण आहे अशा ठिकाणी न्या, सकाळची वाट बघू नका. वर्षाच्या वरच्या मुलाला वाटेत मध चाटवता येतो. पण मध आणायला म्हणून थांबायचं नाही.

दुसरं, शेंगदाणे. आपल्याकडे पाहुणा आला की लेकराच्या मुठीत शेंगदाणे-फुटाणे देतो. चार वर्षांपर्यंत अख्खा दाणा नको. कूट करून द्या, तेवढंच पोषण.

तिसरं, फवारणीचं औषध आणि फिनाईल थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवणं. हे मात्र माझ्या डोळ्यांसमोर इतक्यांदा आलंय की हात जोडून सांगतो, मूळ डब्यातून काढू नका. रॉकेल किंवा अ‍ॅसिड पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका. रॉकेल उलटून फुप्फुसात शिरतं, अ‍ॅसिड येताना दुसऱ्यांदा भाजतं. मिठाचं पाणी वगैरे काही नको. बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, १८०० ११६ ११७, फोन फुकट लागतो.

परभणीची_आई :

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. रिमोटच्या मागच्या झाकणाला चिकटपट्टी लावली.

वायरमन_लातूर :

चिकटपट्टीवरून आठवलं. ताई, प्लगवर लावलेल्या काढून टाका. उन्हाळ्यात गोंद वितळतो, कोपरा सुटतो, आणि लेकरू नेमकं ते सोलायलाच बसतं. शटरवाले सॉकेट मिळतात, ते बसवून घ्या. जमिनीलगतचे बोर्ड असतील तर एकदा खर्च करून वर घ्या.

पण खरा धोका बोर्ड नाही, कूलर आहे. मार्च ते जून माझं निम्मं काम कूलरचं. पत्र्याची पेटी, आत पाणी, खाली ओली फरशी, लेकरू अनवाणी. वरून ते जाळीला हात लावून "आऽऽ" करतं, कारण पंख्यातून आवाज थरथरत येतो, त्याला गंमत वाटते. सगळी लेकरं करतात हे.

लोक मला सांगतात, एमसीबी आहे आमच्याकडे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसासाठी आरसीसीबी लागते, ३० मिलिअँपिअरची. थोडी जरी वीज भलतीकडे गळाली तरी ती झटक्यात तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं.

दुसरं अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, आणि कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही. पाण्याची टंचाई असली तरी भांड्याचं खरकटं पाणी आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात ओता. आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा. नुसतं बटण बंद करून विश्वास ठेवू नका, कित्येक घरांत बटण चुकीच्या वायरवर असतं, बटण बंद आणि पत्र्यात वीज जिवंत.

दुधनाकाठ :

ते "आऽऽ" आमच्याकडे रोज चालतं. वाचून कूलर आत्ताच बंद केला, घरात सगळे ओरडायलेत. उद्या माणूस बोलावते.

नांदेडकर_सध्या_पुण्यात :

माझं मत वेगळं आहे. अडीच वर्षांच्या लेकराला शिकवून काही होत नसतं. मी घरात टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला रबर लावलंय, स्वयंपाकघराला कुलूपवालं दार, बाथरूमला बाहेरून वर कडी, सगळीकडे कॅमेरा. मुलगी तीन वर्षांची आहे, एक ओरखडा नाही. अडचण गावाकडे येते. दिवाळीत गेलो की आजोबांच्या खोलीत ज्वारीची पोती, त्यात गोळ्या, आणि तिथंच खाली अंथरूण. मी गावी जाणंच कमी केलंय.

कोठीघर :

नांदेडकर, त्या गोळ्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यावर स्वतंत्र प्रतिसाद लिहिते, कारण हे लोकांना माहीत नाही.

धान्यात घालतात ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो, तोच किडे मारतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणजे खाली बसतो, जिथं लेकरं अंथरुणावर झोपलेली असतात. लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो, पण थंडीत दारं-खिडक्या लावून झोपलेल्याला कुठला कळायला. ह्याला उतारा औषध नाही. नियमानं ही गोळी जाणकाराच्या देखरेखीखालीच वापरायची, तरी गावोगावी फडक्यात पुरचुंडी बांधून पोत्यात सोडतात.

आमच्या घरी मी हे बंद करवलं, ते भांडून नाही. सासऱ्यांना म्हणाले, ज्वारी दोन दिवस कडक उन्हात माझ्या हातानं वाळवते, डाळींना एरंडेल चोळते, कोठीत कडुलिंबाचा सुका पाला थराथरानं घालते, आणि तरी पोरकिडे झाले तर पाखडून देईन. वर्षभर शब्द पाळला. दोन पोती पाखडावी लागली. पण गोळी परत आली नाही.

तुम्ही गावाला जाणं सोडू नका हो. पोती दुसऱ्या खोलीत हलवायला एक दुपार लागते. आजोबा काही दुसरे मिळत नाहीत.

नांदेडकर_सध्या_पुण्यात :

हे पटलं. वडिलांशी बोलतो. मी नुसता फोनवर चिडत होतो.

शाळामास्तर_हिंगोली :

पहिलीच्या वर्गावर आहे, म्हणून ओरखडा नसलेल्या लेकराबद्दल बोलतो.

जूनमध्ये चाळीस लेकरं येतात. काहींना ओट्यावरून उडी मारायची म्हटलं तर आधी माझ्या तोंडाकडे बघतात. कात्री हातात दिली की दोन्ही हातांनी धरतात. पडली तर गुडघ्यावर पडत नाहीत, सरळ तोंडावर पडतात, कारण पडताना हात पुढे टाकायचा असतो हे अंगाला माहीतच नसतं. ते कुणी शिकवत नाही, पडून पडून येतं. आणि शेतातून येणाऱ्या पोरी सहाव्या वर्षी शेंगा फोडतात, दोरी वळतात, पायाखाली बघून चालतात. त्यांच्या गुडघ्यांवर चार खुणा असतात.

नांदेडकर, पाणी-गोळ्या-विजेबाबत तुमच्या बाजूचा आहे मी. टेबलाच्या कोपऱ्याचं रबर मात्र काढा. कोपरा एकदा लागला की लेकरू पुढच्या वेळी आपणहून वळतं.

अंबाजोगाईची_माय :

मास्तर, माझी चूक लिहिते, कुणाच्या उपयोगी पडली तर बरं.

मी मुलीला गॅसजवळ कधी येऊच दिलं नाही. तिची मावशी भाजली होती, ती भीती माझ्या मनात. मुलगी अकरा वर्षांची झाली तरी काडी ओढायला येत नव्हती, मला त्याचा अभिमान वाटायचा. एकदा दूध ठेवून मी वर कपडे आणायला गेले. दूध उतू जाऊन ज्योत विझली. वास सुटला. मुलीला वास आला, ती घाबरली, पण बटणाला हात लावला नाही. "तू म्हणालीस गॅसला हात लावायचा नाही," म्हणाली. ती दाराशी उभी राहून मला हाका मारत होती आणि तिचा हात दिव्याच्या बटणाकडे चालला होता.

मी धावत आले, बटण फिरवलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. काही झालं नाही. त्याच आठवड्यात तिला शिकवलं : बटण कुठं, रेग्युलेटर कुठं, वास आला तर दिवा-पंखा काही लावायचं-बंद करायचं नाही, खिडकी उघडून बाहेर, आणि गळतीसाठी १९०६. चहा करायलाही शिकवलं. पहिल्या दिवशी चिमट्यानं पातेलं उचलताना तिचा हात कापत होता. माझाही.

येळवस :

विषयाला धरून नाही पण बुडण्यावरून आठवलं. आमच्याकडे लातूर-धाराशिवला वेळ अमावस्येला सगळं गाव रानात असतं. कडब्याच्या कोपीत लक्ष्मीची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. मोठी माणसं आंबील पिऊन झाडाखाली आडवी, आणि लेकरं विहिरीवर. दरवर्षी आमचे चुलते जेवायच्या आधी विहिरीच्या वाटेवर बैलगाडी आडवी लावायचे आणि एका मोठ्या पोराला तिथं बसवायचे. त्या पोराचं ताट तिथंच जायचं, आणि त्याला उंडे जास्तीचे. त्यामुळे त्या जागेसाठी भांडणं व्हायची. आठ वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाला मात्र उन्हाळ्यात पाठीला रिकामा डबा बांधून त्याच विहिरीत पोहायला शिकवलं. वाट बंद आणि पोहणं चालू, दोन्ही एकाच माणसानं केलं.

मोसंबी_जालना :

भज्जीचं नाव काढलंत, आता धागा गेला तिकडं. :)

तात्या_कळंब :

थांबून लिहितो म्हणालो होतो.

विंचू चावला तरी वाढलो असं मी वर लिहिलं. मला चावला तो काळा होता, रात्रभर ठणकलं, सकाळी गेलं. माझ्या धाकट्या बहिणीला लाल चावला. माळवदाचं घर, भिंतीत दगड-माती, पावसाच्या तोंडावर विंचू खाली उतरतात. मांत्रिकाकडे नेलं. घाम फुटला, हातपाय गार पडले, दुसऱ्या दिवशी गेली. पाच वर्षांची. तेव्हा त्यावर उपायच नव्हता असं आम्ही समजून होतो. पुढं आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला राहून लाल विंचवावर काम करत राहिले, प्राझोसिन नावाची साधी रक्तदाबाची गोळी त्यावर चालते हे त्यांनी दाखवलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी टीव्हीसमोर बसून रडलो, घरच्यांना कारण कळलं नाही.

पोरी, बूट झटकून घालायला लेकराला आत्तापासून शिकव. भिंतीच्या भेगा बुजव. पलंग भिंतीपासून वीतभर लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. मण्यार पण रात्रीच खाली झोपलेल्याला चावते. सासूबाईंचं ऐक म्हणालो होतो, ते अर्धं मागं घेतो.

गोदाकाठ :

भाजण्यावर कुणी लिहिलं नाही. माझ्या पुतण्यानं हिवाळ्यात न्हाणीत उकळत्या पाण्याच्या बादलीत हात घातला. रॉड काढला होता, विसावण मिसळायचं बाकी होतं. घरात कुणी टूथपेस्ट आणलं, कुणी हळद, कुणी शाई. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, फक्त गार पाणी, वीस मिनिटं, बर्फ नाही. आता आमच्या घरी नियम आहे, बादलीत आधी गार, मग गरम.

मोसंबी_जालना :

वीस मिनिटं वाहतं पाणी कुठून आणायचं हो? नळ आठ दिवसांनी.

बालवैद्य_बीड :

प्रश्न रास्त आहे. भाजलेला भाग टबावर धरा आणि ड्रममधलं पाणी तांब्यानं सावकाश ओतत राहा. टबात जमलेलं स्वच्छ असेल आणि कोमट झालं नसेल तर तेच पुन्हा ओता. दोन-तीन बादल्यांत काम होतं. मूल गारठू देऊ नका, बाकी अंग पांघरुणात ठेवा. मग स्वच्छ सुती कपडा सैल टाकून दवाखाना. फोड फोडू नका.

परभणीची_आई :

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे प्रतिसाद सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवले. मांजराकाठ ताईंचा वाचताना त्या उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या सायकलची ट्यूब घेऊनच. दोन्ही ड्रमना पट्टे त्यांनीच लावले. हौदाला पत्र्याचं झाकण आणि कोयंडा केला. फिनाईल, औषधं, सेल, आणि रानातून आलेलं फवारणीचं सगळं एका पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात.

स्वयंपाकघराची फळी मात्र काढली. खालच्या कपाटाची सुतळीही. त्यात आता पातेली, झाऱ्या, पुरण वाटायचं गाळणं आहे, तो रोज सगळं बाहेर काढतो. पहिले दोन दिवस तो कपाटासमोर नुसता उभा राहिला आणि माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी मी स्वतः त्याचा हात धरून झाऱ्यावर ठेवला. चहाच्या पेल्याला बाहेरून बोट लावून "गरम" म्हणजे काय ते त्याला दाखवलं. त्यानं बोट मागे घेतलं, बघितलं, आणि परत लावलं. मी ओढलं नाही.

जिन्यावर उलटं, बसून उतरायला आजी शिकवते आहे. रोज संध्याकाळी दोघं ड्रमकडे जातात, तो पट्टा ओढून बघतो आणि म्हणतो, "घट्ट." मगच दोघं अंगणात जातात. परवा गुडघा फुटला. रडला, हळद लावली, परत गेला.

वायरमन दादा, आरसीसीबी बसवून घेतली. आज टेस्टचं बटण दाबलं तर सगळ्या घराची वीज गेली. म्हणजे बरोबर आहे ना?

वायरमन_लातूर :

बरोबर, जायलाच पाहिजे. खटका वर करा. पुढच्या महिन्यात पुन्हा दाबा.